शिकाऊ परवान्याची परीक्षा : पाठांतर आणि समज

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आयुष्यात परीक्षांना तोटा नसतो. चाचणी, सहामाही, वार्षिक, तोंडी अशा नाना परी. त्यांच्यासाठी टिपणे काढली जातात, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळविल्या जातात, रात्री जागविल्या जातात. मात्र अठरावे वर्ष पूर्ण होताच आपल्यापैकी बहुतेक जण एक परीक्षा अशी देतात की, जिच्यासाठी अर्धा तास बसण्याचीही गरज कोणास वाटत नाही. मोटारसायकलच्या शिकाऊ परवान्याची परीक्षा ती हीच. ‘उत्तरे ठरलेली असतात, आदल्या रात्री मोबाईलवर एकदा नजर फिरविली की झाले,’ असा सल्ला वरच्या वर्गातील मित्र देतात. आणि पास होण्यापुरता तो सल्ला खोटाही नसतो. प्रस्तुत लेखाचा हेतू थोडा वेगळा आहे. ही परीक्षा काय विचारते, ते का विचारते, आणि तिचा अभ्यास कसा केल्यास तो पुढे रस्त्यावर उपयोगी पडेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विषय किती गंभीर आहे हे दाखविण्यास एक आकडा पुरेसा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी शेकडा ४४ हून अधिक माणसे दुचाकीवरील होती. ज्या वाहनाचा परवाना आपण सर्वांत सहजपणे मिळवितो, त्याच वाहनावर सर्वांत अधिक माणसे मरतात, असा याचा अर्थ होतो.

परीक्षेचे स्वरूप

आज देशात लागू असलेला मोटार वाहन अधिनियम १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्यापूर्वी १९३९ सालचा अधिनियम होता. अधिनियमाखाली केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आहेत, आणि रस्त्यावर प्रत्यक्ष कसे वागावे हे सांगणारे वाहनचालनाचे विनियम २०१७ साली नव्याने करण्यात आले. अधिनियम, नियम आणि विनियम या तीन शब्दांतील फरक लक्षात ठेवला म्हणजे कोणती गोष्ट कोठे शोधावी हे कळते.

नियमांतील अकराव्या क्रमांकाच्या नियमात शिकाऊ उमेदवाराची प्राथमिक चाचणी सांगितली आहे. तिचे विषय चार आहेत. पहिला, वाहतुकीची चिन्हे, सिग्नल आणि रस्त्यावरचे नियम. दुसरा, अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये. तिसरा, रक्षक नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची काळजी. आणि चौथा, वाहन चालविताना जवळ बाळगावयाची कागदपत्रे. प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. शेकडा ६० उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होतो.

उत्तीर्ण झालेल्यास मिळणारा शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो हाती आल्यापासून निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याच्या प्रत्यक्ष चाचणीस बसता येत नाही. हे तीस दिवस सरावासाठी दिलेले आहेत. या काळात वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात इंग्रजी ‘एल’ अक्षर लावावे लागते. पाटी अठरा सेंटिमीटर लांबरुंद असावी असेही नियमात सांगितले आहे. शिकणाऱ्याने मागे मित्राला बसवून फिरावयाचे नाही. मागे बसणारा असलाच तर तो शिकविणारा आणि स्वतः पक्का परवाना असलेला हवा.

शब्दांची अडचण

आपण कला शाखेचे विद्यार्थी असूनही या परीक्षेत पुष्कळांना प्रथम अडते ते भाषेशी. परीक्षा मराठीतून देता येते, पण ती मराठी सरकारी असते. बोलताना आपण ‘लायसन’ म्हणतो, लिहिताना ‘परवाना’ म्हणतो. परिवहन कार्यालयाच्या भाषेत मात्र ती ‘अनुज्ञप्ती’ असते, आणि ‘परवाना’ हा शब्द तेथे रिक्षा, ट्रक यांना धंद्यासाठी मिळणाऱ्या परमिटासाठी योजतात. पायी चालणारा तो ‘पादचारी’, आणि परवाना मिळण्यास अपात्र ठरविणे म्हणजे ‘अनर्ह’ करणे. असे पंधरावीस शब्द आधी वहीत उतरवून त्यांच्यापुढे बोलीतील अर्थ लिहून ठेवावेत. प्रश्न समजला नाही म्हणून उत्तर चुकणे ही भाषेच्या विद्यार्थ्यास न शोभणारी गोष्ट आहे.

चिन्हांची लिपी

चिन्हांचा तक्ता प्रथम पाहताना गोंधळ उडतो. परंतु ही एक लिपी आहे आणि तिचे व्याकरण फार सोपे आहे, हे ध्यानात आले की निम्मे पाठांतर वाचते.

वर्तुळ म्हणजे आज्ञा. त्रिकोण म्हणजे सावधगिरीची सूचना. चौकोन म्हणजे माहिती. आता वर्तुळाचा रंग पाहावा. तांबड्या कडेचे वर्तुळ ‘करू नका’ किंवा ‘यापुढे जाऊ नका’ असे सांगते. निळे वर्तुळ ‘हे केलेच पाहिजे’ असे सांगते. तांबड्या कडेच्या वर्तुळात हॉर्नचे चित्र व त्यावर तिरपी रेघ असेल तर हॉर्न वाजविण्यास मनाई आहे. तेच हॉर्नचे चित्र निळ्या वर्तुळात असेल तर हॉर्न वाजविणे सक्तीचे आहे. चित्र एकच, पण वर्तुळ बदलले की अर्थ उलटतो. तसेच तांबड्या कडेतील ५० हा आकडा वेगाची कमाल मर्यादा सांगतो, तर निळ्या वर्तुळातील आकडा किमान वेग सांगतो. ‘वाहन उभे करू नका’ आणि ‘येथे थांबूही नका’ या दोन चिन्हांत नेहमी घोटाळा होतो. दोन्ही निळी असली तरी त्यांची कड तांबडी आहे, म्हणजे दोन्ही मनाईचीच. एका रेघेचे चिन्ह वाहन उभे करून ठेवण्यास मनाई करते. दोन रेघांची फुली असलेले चिन्ह क्षणभर थांबण्यासही मनाई करते.

दोन चिन्हे या व्याकरणाबाहेरची आहेत. ‘थांबा’ हे चिन्ह अष्टकोनी आहे, आणि ‘दुसऱ्यास वाट द्या’ हे चिन्ह उलट्या त्रिकोणाचे आहे. त्यांचा आकार इतर कोणत्याही पाटीचा नाही. त्यामुळे धुळीने किंवा वेलींनी अक्षरे झाकली गेली, अथवा पाटी मागच्या बाजूने दिसली, तरी केवळ आकारावरून ती ओळखता येतात.

रेल्वे फाटकाची दोन त्रिकोणी चिन्हेही अशीच समजून घ्यावीत. फाटकाचे चित्र असेल तर पुढे रक्षक असलेले फाटक आहे. इंजिनाचे चित्र असेल तर पुढे फाटक नाही. रूळ आहेत आणि त्यांवरून गाडी येऊ शकते. अशा ठिकाणी काय करावे हे अधिनियमाच्या १३१ व्या कलमात आहे. चालकाने वाहन थांबवावे. बरोबर क्लीनर अथवा दुसरा सहायक असेल तर त्याने पुढे चालत जाऊन दोन्ही बाजू पाहाव्यात व मग वाहन पार न्यावे. कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहावे. भारतीय रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांवरील रक्षकाविना असलेली सर्व फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद केली किंवा तेथे दुसरी सोय केली. तरीही हा विषय परीक्षेत आहे, आणि त्याचा उपयोगही संपलेला नाही. शेतातून हमरस्त्यावर येणारी गाडीवाट किंवा भिंतीआडून निघणारी गल्ली यांपुढेही हेच तत्त्व लागू पडते. जेथे दिसत नाही तेथे थांबून पाहावे.

उत्तराचे कारण

विद्यार्थ्यांत एक युक्ती प्रचलित आहे. ‘ज्या पर्यायात हॉर्न आहे तो चूक आणि ज्यात थांबणे आहे तो बरोबर.’ पुष्कळ प्रश्नांना ही युक्ती लागू पडते हे खरे. पट्ट्यापट्ट्यांच्या जागी पादचारी रस्ता ओलांडण्यास उभे असतील तर काय कराल? थांबून त्यांना जाऊ द्यावे. अरुंद पुलावर समोरून वाहन शिरण्याच्या बेतात असेल तर? ते पार होईपर्यंत थांबावे. अंध व्यक्ती पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडू लागली तर? ती काठीच थांबण्याची खूण समजावी.

पण ही युक्ती अर्ध्यावर सोडून देते. मागून येणाऱ्या वाहनाने पुढे जाण्याची खूण केली तर थांबावयाचे नाही. आपला वेग न वाढविता डावीकडे राहून त्याला वाट द्यावयाची. निळ्या वर्तुळातील हॉर्न तर आपण वर पाहिलाच. पिवळा दिवा लागला असता थांबावयाचे, परंतु आपण रेषेच्या इतके जवळ आलो असू की एकाएकी ब्रेक दाबल्यास मागचे वाहन येऊन आदळेल, तर चौक पार करावयाचा. येथे युक्ती चालत नाही; कारण माहीत असावे लागते.

म्हणून प्रत्येक नियमाला ‘का?’ असे विचारावे. पुढच्या वाहनाला उजवीकडूनच का ओलांडावयाचे? आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, चालक आपल्या उजवीकडची बाजू मोकळी होण्याची वाट पाहत असतो आणि डावीकडून कोणी येईल अशी त्याची अपेक्षा नसते. मग पुढचा उजवीकडे वळण्याची खूण करून रस्त्याच्या मध्यावर सरकला असेल तर डावीकडून जाण्यास मुभा का? कारण आता तो उजवीकडेच जाणार आहे आणि त्या बाजूने जाणे म्हणजे त्याच्या वाटेत शिरणे होय. वर्तुळाकार चौकात आधीपासून फिरत असलेल्या वाहनांना वाट का द्यावयाची? बाहेरून येणाऱ्यांना प्रथम हक्क दिला तर आत वाहने भरत जातील आणि बाहेर एकही पडणार नाही. घाटातील अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनास प्रथम हक्क का? कुंभार्ली किंवा वरंधा घाटात भरलेला ट्रक एकदा चढावर थांबला की त्याला पुन्हा हलविणे किती अवघड असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

थोडे गणित

कला शाखेच्या वाचकांनी भिऊ नये. हे गणित सातवीचे आहे. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर मूल धावत आले हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. तेवढ्यात वाहन १० मीटर पुढे गेलेले असते. नंतर चांगल्या ब्रेकने, कोरड्या रस्त्यावर, वाहनाचा वेग दर सेकंदाला ५ मीटरने कमी होत गेला तर ते आणखी १० मीटर जाऊन थांबते. एकूण २० मीटर.

आता वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर धरू. पहिल्या सेकंदात २० मीटर जातात. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर मात्र दुप्पट न होता चौपट होते, म्हणजे ४० मीटर. एकूण ६० मीटर. वेग दुप्पट झाला, थांबण्याचे अंतर तिप्पट झाले. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरील धूळ व तेल यांचा चिकट थर होतो, चाकांची पकड सुटते, आणि हे अंतर आणखी वाढते. पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवावे, शाळेजवळ वेग कमी करावा, पावसात सावकाश जावे, हे तीन वेगळे नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा एवढे एक गणित समजून घेतलेले बरे.

अपघात, शिरस्त्राण आणि वय

अपघातानंतरच्या कर्तव्यांवर एखादा प्रश्न येऊ शकतो. अधिनियमाच्या १३४ व्या कलमानुसार चालकाने जखमी व्यक्तीला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करावयाचे असते, तिला जवळच्या डॉक्टरकडे अथवा रुग्णालयात न्यावयाचे असते. जमाव खवळला असेल अथवा तसेच दुसरे कारण असेल तरच यातून सूट आहे. पोलिसांना शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत माहिती द्यावयाची असते. ‘पळून जाणे’ हा पर्याय परीक्षेत कोणी निवडत नाही, तरी वर्तमानपत्रांत तो वारंवार वाचावयास मिळतो. मदत करणाऱ्या तिऱ्हाइतानेही घाबरण्याचे कारण नाही. २०१९ च्या सुधारणेने १३४ अ हे कलम घालून अशा सद्‌हेतूने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण दिले आहे. रस्त्यात पडलेल्या माणसाभोवती उभे राहून ‘पोलिसांचे झंझट नको’ म्हणणाऱ्यांस हे सांगितले पाहिजे.

शिरस्त्राण म्हणजे हेल्मेट. १२९ व्या कलमाने ते चालविणाऱ्याप्रमाणे मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. हेल्मेट न घालता २०२२ साली देशात मृत्यू पावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे शेकडा ४२ नी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे शेकडा ६९ नी कमी होतो. मात्र ते डोक्यावर हवे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला हवा. हाताच्या कोपरात अडकविलेले हेल्मेट कोपराचेच रक्षण करील. तसेच दुचाकीवर चालकाखेरीज एकाच व्यक्तीस बसता येते. शेवटचा तास संपल्यावर फाटकातून तिघेतिघे बाहेर पडताना दिसतात, त्यांनी १२८ वे कलम अवश्य वाचावे.

कनिष्ठ महाविद्यालयातील मित्रांसाठी येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना गिअर नसलेल्या आणि पन्नास सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरता असतो, व त्यासाठी पालकांची संमती लागते. आज घरोघरी दिसणाऱ्या पेट्रोलवरील स्कूटर बहुतेक शंभर सीसीच्या वरच्या आहेत. त्या या परवान्यावर चालविता येत नाहीत. २०१९ साली आलेल्या १९९ अ या कलमानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे. ‘बाबा, जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो,’ एवढ्या वाक्याची किंमत घरातील सर्वांना मोजावी लागू शकते.

अभ्यासाची पद्धत

एक आठवडा, रोज अर्धा तास, एवढा अभ्यास पुरेसा आहे. त्यासाठी पुढील रीत सुचवावीशी वाटते.

पहिले दोन दिवस चिन्हांना द्यावेत. तक्ता केवळ पाहू नये. चिन्हे हाताने काढावीत. जे चिन्ह काढता येते ते विसरत नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन महाविद्यालयापासून एस. टी. स्थानकापर्यंत पायी जावे आणि वाटेतील प्रत्येक पाटी, रेघ व दिवा यांची नोंद करावी. रस्त्याच्या मध्यावरील तुटक रेघ आणि सलग रेघ कोठे बदलते आणि तेथे वळण आहे, पूल आहे की चढाचा माथा आहे, हे पाहिले म्हणजे सलग रेघ ओलांडू नये असे का म्हणतात ते आपोआप कळते.

चौथ्या व पाचव्या दिवशी प्रश्नसंच घ्यावा. वहीच्या पानाचे तीन रकाने पाडावेत : प्रश्न, उत्तर आणि कारण. तिसरा रकाना रिकामा राहील तेथे जाणत्या चालकास, प्राध्यापकांस किंवा वाहतूक पोलिसास विचारावे. सहाव्या दिवशी दोघा मित्रांनी एकमेकांस प्रश्न विचारावेत, पण पर्याय न देता. पर्यायांशिवाय उत्तर देता आले तरच ते आपले झाले. रस्ता आपल्याला पर्याय देत नाही. सातव्या दिवशी कागदपत्रे. परवाना, वाहनाची नोंदणी, विमा आणि प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र ही जवळ असावीत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांत मोबाईलवर असलेली प्रतही २०१८ पासून नियमाने ग्राह्य आहे.

शेवटी

२०२१ सालापासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाची ओळख देऊन ही परीक्षा घरी बसून देता येऊ लागली. खेड्यातील विद्यार्थ्याचा जिल्ह्याच्या ठिकाणचा हेलपाटा वाचला, ही मोठी सोय झाली. पण सोयीबरोबर मोहही आला. ‘अमुक इतके पैसे द्या, तुमच्या नावाने उत्तरे आम्ही भरतो,’ असे सांगणारे मध्यस्थ भेटतात, आणि एरवी परीक्षेत कॉपी करणाऱ्याला नावे ठेवणारे सज्जन येथे खिशात हात घालतात. त्यांस वाटते की, आपण एक कटकट टाळली. मराठीच्या पेपरात दुसऱ्याने लिहिलेले उत्तर दाखविणारा स्वतःचेच नुकसान करतो. येथे मात्र ज्याचे नुकसान व्हावयाचे तो पट्ट्यांवरून रस्ता ओलांडणारा म्हातारा असतो किंवा आपल्याच मागे विश्वासाने बसलेली धाकटी बहीण असते.

शेकडा ६० गुणांत परवाना मिळतो. जी शेकडा ४० उत्तरे आली नाहीत ती कोणती होती, हे सहसा कोणी पुन्हा पाहत नाही. कदाचित त्यांत रेल्वे फाटकाचा प्रश्न असेल, कदाचित घाटाचा. वाचकांना एवढीच विनंती आहे की, निकाल ‘उत्तीर्ण’ असा आला तरी वही मिटू नये. चुकलेले प्रश्न तिसऱ्या रकान्यासह पुन्हा लिहावेत, आणि पुढील तीस दिवस तांबड्या ‘एल’ अक्षराची पाटी लावून, मागे मित्राला न घेता, सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर ते एकेक करून पडताळून पाहावेत.